पडला की मारला?

पौडच्या बाजारात त्या बांगडीवाल्यानं मला भर गर्दीत डोळा मारला... आणि लगेच त्याचंच स्थळ आमच्या घरी आलं! कासारसाईचा नसीर मणियार. अब्बा खूश. मी मात्र जळफळले. बांगड्या भरताना माझा हात त्यानं जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता, हे अब्बांना कुठल्या तोंडानं सांगू? आणि असले चाळे तो आणखी किती जणींशी करत असेल?

पुढच्या बाजारी मी मुद्दाम कलत्या दुपारी गेले — सोक्षमोक्ष लावायलाच. भुरभुर पाऊस होता. ताडपत्रीखाली नसीर बसला होता... मान मागे टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. प्यालाय की काय? मी नाक पुढे केलं. वास फक्त ओल्या गोणपाटाचा.

"हिरव्या भरा," मी हात पुढे केला.

दोन चढल्या. तिसरीला त्याची बोटं अडखळली, आणि उजवी पापणी हळूच खाली आली.

"परत डोळा मारला तुमी!"

"मारला न्हाई... पडला."

त्याची बोटं सैल झाली. बांगडी दगडावर आपटली.

"फोडली!"

"फोडली न्हाई, वाढवली म्हणावं." त्यानं बोटानं पापणी वर धरली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या छातीत धडधडलं... रागातसुद्धा!

"खरं सांगा. पिता?"

"न्हाई वो. स्नायूंचा आजार हाय. अंगात ताकदच तयार व्हत न्हाई. पुण्याच्या डॉक्टरनं मांडीचा तुकडा काढून तपासला. अम्मीलाबी हेच व्हतं. सकाळी बरा असतो, दुपारी हात गळत्यात. ताप आला, रोजा धरला, की लईच." त्यानं बांगडीचे तुकडे बाजूला सारले. "मामूनं हे लपवून स्थळ धाडलं. तुमी न्हाई म्हणा."

"आन् त्या दिवशी हात धरून ठेवला, तोबी आजारच?"

"थोडा आजार..." तो कानापर्यंत लाल झाला. "थोडा मी."

मला हसू फुटलं. इतके दिवस ज्याच्यावर संशय घेतला, तो मला आवडला होता — सरळसरळ आवडला होता.

"ही ताकद घटतच जाणार, सुरैया."

उरलेल्या बांगड्या मी माझ्या हातानं भरल्या. "अब्बांना सगळं सांगते. आजारबी, आन् माझं व्हयबी."

उठताना मी त्याला डोळा मारला.

"ह्यो मारलाय हां... पडला न्हाई."