फेसाखालचा शेजारी

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याचे डोळेच दिसले नाहीत. त्यालाही माझे दिसले नसणार. दोघांचेही डोळे जवळजवळ मिटलेले होते... लाजेने वगैरे नाही हं, सुजेने!

हेअर ट्रान्सप्लांट केल्यावर कपाळाला सूज येते आणि ती हळूहळू खाली उतरून डोळ्यांवर येऊन बसते, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. मीही शहाण्यासारखी मान डोलावली होती. पण त्या सकाळी आरशात स्वतःला पाहिलं आणि किंचाळलेच. वहिनी धावत आली. माझं तोंड पाहून "काही नाही गं, काही नाही," म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन पोट धरधरून हसून आली. तिला वाटलं मला ऐकू येत नाही.

त्याच अवतारात मी पहिल्यांदा डोकं धुवून घ्यायला दवाखान्यात गेले. डोक्यावर सैलसर टोपी, मानेभोवती प्रवासातली उशी, आणि चाल अशी की डोक्यावर भरलेली घागर आहे. दारातून आत शिरले आणि समोरून येणाऱ्या एका माणसावर जाऊन आदळले. त्याच्याही डोक्यावर तशीच टोपी. मानेभोवती तशीच उशी.

"सॉरी! डोक्याला लागलं का?" तो घाबरून म्हणाला.

"नाही, उशीलाच लागलं."

"मग आधी तुम्ही जा आत."

"नको, तुम्हीच जा. तुमचं डोकं जास्त नवीन दिसतंय."

"तुमचंही काही जुनं वाटत नाही..."

मला हसू आलं. हसले तर कपाळ ठणकलं. "आई गं!" म्हणाले, तर तो हसला आणि त्याचंही कपाळ ठणकलं. सिस्टर दोघांवरही डाफरली, "हसायचं नाही! टाके नसले तरी त्वचा ताणली जाते."

धुण्याच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. मागे मान टाकून पडायचं, सिस्टर डोक्यावर फेस लावणार, आणि खपल्या मऊ होईपर्यंत तसंच छताकडे बघत राहायचं. मान वळवायची नाही, हात लावायचा नाही. कोमट फेस कानामागून ओघळत होता आणि गुदगुल्या होत होत्या. सिस्टर बाहेर गेली. छतावर एक पंखा होता, बाकी बघायला काही नव्हतं.

"तुम्ही कशामुळे आत?" शेजारून आवाज आला. तुरुंगात एकमेकांना विचारावं तसा.

मी खुदकन हसले. आणि काय सुंदर आवाज होता! जाड, निवांत, कुणालाही घाई नाही असं सांगणारा.

"अंबाड्यामुळे," मी म्हटलं. "हॉटेलात रिसेप्शनवर असते. केस चापून मागे घ्यायचे, जेल लावायचं, एक बट बाहेर आलेली चालत नाही. इतकी वर्षं ओढले, शेवटी कानशिलांवरचे केस राजीनामा देऊन निघून गेले. तुम्ही?"

"मी गाडी चालवायला शिकवतो. आमच्या घराण्यात सगळ्यांचेच लवकर जातात, त्यामुळे मनाची तयारी होती. पण मध्यंतरी भाचीला शाळेतून आणायला गेलो, तर तिच्या बाई म्हणाल्या, 'आजोबा, इथे सही करा.'"

"मग?"

"केली. भांडायला तोंड कुठे होतं? वर टोपी घालून गेलो होतो, तीही नेमकी वाऱ्याने उडाली."

मी इतकी हसले की फेस नाकापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच वेळेला गेले. तोही आलेला होता. तिसऱ्या दिवशी सिस्टरने आम्हाला न विचारताच शेजारची खुर्ची राखून ठेवली. आमची नावं तिच्या तोंडून ऐकली असतील, पण आम्ही एकमेकांना 'शेजारी' आणि 'शेजारीण'च म्हणायला लागलो. छताकडे बघत आम्ही काय काय बोललो! त्याचे शिकाऊ लोक ब्रेकऐवजी वायपर कसे लावतात, आमच्या हॉटेलात पाहुणे किल्ली हरवून आमच्यावरच कसे खेकसतात... बसून झोपल्यामुळे मान कशी धरते, आणि उताणं झोपायला मिळालं तर आपण काय काय द्यायला तयार आहोत. इतकं मोकळं मी समोरासमोर कुणाशी बोलले नव्हते. समोर बघायचं नसलं की बोलणं किती सोपं होतं!

शेवटच्या धुण्याला सूज अजून उतरलेली नव्हती. पुढचं धुणं घरीच करायचं होतं. मी धीर करून माझा फोन नंबर दिला आणि त्याचा घेतला.

"एक अट," तो म्हणाला. "भेटायचं ते पूर्ण केस आल्यावर. तोवर नुसतं बोलायचं. हा भोपळा तुमच्या लक्षात राहायला नको मला."

"कबूल!" मी लगेच म्हटलं. माझ्याही भोपळ्याचा प्रश्न होताच की.

मग सुरू झाले फोन. मला हॉटेलात तात्पुरतं आतल्या खोलीत टेलिफोनवर बसवलं होतं, आणि रोज दुपारी एक फोन हमखास यायचा.

"नमस्कार, खोली मिळेल का?"

"किती माणसं?"

"एकच. पण बाईसाहेबांचा आवाज ऐकायला मिळेल अशी खोली हवी."

"तशी खोली भरलेली आहे, साहेब."

"कोणी घेतली?"

"आहे एक शेजारी..."

शेजारच्या टेबलवरची मुलगी माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. मी उगाच कागद चाळायची.

आणि एका सकाळी उशीवर केसच केस! नुकतेच लावलेले, इतक्या मायेने पाण्याचे फवारे मारून जपलेले. माझा जीव खाली-वर झाला. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, अगदी तीन-तीनदा सांगितलं होतं. पण सांगितलेलं कानात राहतं आणि गळलेलं उशीवर दिसतं. मी रडत रडत त्याला फोन केला.

"गेले... सगळे गेले!"

"अगं, माझेही गेले! कालपासून उशी झटकतोय," तो म्हणाला. "ऐक, रडू नकोस. वरचं गळतं, मुळं आतच असतात. हे असंच होतं. तू डॉक्टरांचा शब्द धर, नाहीतर माझा धर."

तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "तुझाच धरते."

नंतर पुष्कळ दिवस डोक्यावर काहीच घडलं नाही, आणि माझ्या मनात मात्र रोज काहीतरी घडत होतं. मग एकदा वहिनीने मला खिडकीजवळ नेऊन माझं कानशील न्याहाळलं आणि ओरडली, "आला!" बारीकसा, वाकडा, रागावल्यासारखा उभा राहिलेला एक केस. मी आनंदाने उड्या मारल्या. शेजाऱ्याला फोन लावला तर तोही तिकडे ओरडत होता, त्याच्याही कपाळाच्या वर उगवायला लागलं होतं. आम्ही दोघांनी फोनवर इतका आरडाओरडा केला की आईला वाटलं, लॉटरी लागली.

त्याच आठवड्यात तो तपासणीला गेला आणि फोन बंद झाले.

दुपार झाली की मी फोनकडे बघत बसायची. खोली मागणारे खरेच पाहुणे निघायचे आणि मला त्यांचा राग यायचा. शेवटी एक निरोप आला, मोबाइलवर, लिहून. 'शेजारीण, डॉक्टर म्हणाले, पुढे भरेल, पण माथ्यावर विरळच राहणार. लावायला डोक्यामागून केस घेतात, ते तेवढे पुरणार नाहीत. आणि जुने जायचे ते जातच राहतील. पूर्ण केस आल्यावर भेटायचं ठरलं होतं, ते आता जमणार नाही. तू कुणीतरी चांगला बघ.'

मी तो वाचला. पुन्हा वाचला. आधी रडू आलं, मग असा संताप आला! कुणीतरी चांगला बघ? मी काय बाजारात भाजी घ्यायला निघालेय? मी फोन लावला, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला... नाही उचलला.

खरं सांगू? इतके महिने मी त्याला मनात पाहत होते, आणि त्या चित्रात केस कधी नव्हतेच. एक आवाज होता, आणि त्या आवाजाशेजारी मी होते. आणि आता तो आवाज मला कधीच ऐकू येणार नाही? मला तो हवा होता. आहे तसा, आत्ताच्या आत्ता.

"मग इथे बसून काय करतेस?" वहिनी म्हणाली. "त्याची ड्रायव्हिंग शाळा काय चंद्रावर आहे?"

मी उठले. स्कार्फ हातात घेतला आणि परत खुंटीला लावला. कानशिलांवरचे आखूड केस साळिंदरासारखे उभे होते. राहू देत!

शाळेच्या पटांगणात एकच गाडी उभी होती, वर शिकाऊचा फलक लावलेली. स्टीअरिंगमागे एक माणूस टोपी घालून बसला होता. टोपी! आणखी कोण असणार? मी तरातरा गेले, दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसले आणि धाडकन दार लावलं. तो दचकून काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी हात वर केला.

"एक शब्द बोलायचा नाही! मी समोर बघून बोलणार. आपल्याला तसंच जमतं."

मी समोरच्या भिंतीकडे नजर लावली.

"केस कमी येणार म्हणून तू मला सोडून जाणार? अरे, मलाही डॉक्टरांनी सांगितलंय, पूर्वीसारखे येणार नाहीत. बऱ्यापैकी येतील, एवढंच. मग मीही घरात बसू? पूर्ण, पूर्ण... कोणाचं काय पूर्ण असतं रे? कुणीतरी चांगला बघ म्हणालास ना? बघितला मी. आणि तो चांगला तूच निघालास, त्याला मी काय करू? मला तू आवडतोस. आवडतोस म्हणजे... प्रेम आहे माझं तुझ्यावर. झालं. संपलं. आता बोल."

मग त्या माणसाने सावकाश टोपी काढली. आत पिकलेल्या, दाट, कुरळ्या केसांचा टोपलाभर डोंगर! मी पूर्ण वळून पाहिलं. माझ्या बाबांच्या वयाचा एक गृहस्थ घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होता.

"पोरी," तो कसाबसा म्हणाला, "मी या शाळेचा मालक. क्लच दुरुस्त करून आणलाय, तो चालवून बघत होतो. माझी बायको घरी जेवायला वाट बघतेय." त्याने अंगठा मागे केला. "क्लचचा आवाज ऐकायला तुझा तो मागे बसलाय."

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं!

मागून कुणीतरी खोकलं. "शेजारीण..." तोच आवाज. जाड, पण आता अजिबात निवांत नव्हता, कापत होता. "मी सगळं ऐकलं."

"ऐकणारच," मालक म्हणाले. "मीही ऐकलं. पलीकडच्या दुकानदाराने पण ऐकलं असेल." ते खाली उतरले, किल्ली तशीच ठेवली आणि मागचं दार उघडून म्हणाले, "ऊठ रे, पुढे बस. क्लच ठीक आहे. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

तो पुढे येऊन बसला. मी त्याच्याकडे बघेना आणि तो माझ्याकडे बघेना. मग एकदम दोघांनी पाहिलं. सावळा, रुंद चेहरा, गालावर एक खळी, आणि कान लालबुंद झालेले. हा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता, आणि तरी वाटलं, हो, हाच. त्याची नजर माझ्या कानशिलावरच्या उभ्या केसांवर गेली. मी ते झाकायला हात उचलला.

"नको ना," तो म्हणाला. "किती छान दिसतेयस तू..."

"तू पण."

"थांब. आधी नीट बघ." काचेतून दुपारचं कडक ऊन आत येत होतं. त्याने डोकं वाकवून बरोबर त्या उन्हात धरलं. पुढे नवे केस होते, काळेभोर, हट्टी. पण माथ्यावर विरळ, आणि त्यातून त्वचा स्वच्छ चमकत होती. "हे असंच राहणार. पुढे आणखी जाईल कदाचित. तुला काय मिळणार आहे ते तुला आधीच माहीत असलेलं बरं."

ज्याने वाऱ्याने टोपी उडाली म्हणून इतकं सोसलं, तो माणूस भर उन्हात माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मला भरून आलं. मी अलगद त्याच्या माथ्यावर तळवा ठेवला. गरम होता.

"दुखतंय?"

"नाही," तो अगदी हळू म्हणाला. "काढू नकोस हात."

मी नाही काढला. कितीतरी वेळ नाही काढला. पटांगणाच्या टोकाला मालक आमच्याकडे पाठ करून मोठ्या निष्ठेने आकाश बघत होते.

"मग... चालेल?" त्याने विचारलं.

"केस येतील तेवढे येतील," मी म्हटलं. "तू ये."

"कुठे?"

"घरी. आईला भेटायला."

"कधी?"

"आज."

तो ताठ बसला. त्याचा हात घाईघाईने स्वतःच्या डोक्यावर गेला. "आज? या डोक्याने?"

"याच डोक्याने."

तो माझ्याकडे बघत राहिला... आणि मग इतका मोकळा हसला, इतका मोकळा, की मीही हसत सुटले. त्याने हात खाली घेतला आणि गाडी सुरू केली.