दहा नंबरचा पाना

वायरलेसवर वैमानिकाचा आवाज आला आणि तपासनीस बाई हातातला चहा तसाच टाकून उठल्या.

"नाक उचलायचा दांडा मागे ओढता येत नाहीये. अर्ध्यावर काहीतरी अडतंय. बेचाळीस प्रवासी आहेत. वीस मिनिटांत परत पोचतो."

तासाभरापूर्वीच दुरुस्तीहून सुटलेलं विमान!

बाईंनी हत्यारांचा फळा गाठला. तिथली शिस्त साधी होती. प्रत्येक हत्यारावर फळ्याचा क्रमांक कोरलेला. हत्यार काढलं की त्याच्या जागी आपला बिल्ला अडकवायचा. परत ठेवलं की बिल्ला घ्यायचा.

फळा भरलेला होता. बाईंनी पान्यांवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी ते तेलकट झालं.

विमानाच्या शेपटीत दांड्याच्या तारांचं काम केलेले मेकॅनिक काका घामाघूम उभे होते.

"काका, आत काही राहिलं का?"

"दहा नंबरचा पाना सापडत नव्हता. शोधत होतो, तर साहेब म्हणाले, आधी चहा घेऊन या. आलो, तर पाना फळ्यावर आणि बिल्ला माझ्या पेटीवर."

"पाना कुणाला सापडला?"

"विचारलं नाही, बाई." काकांची मान खाली गेली.

पाळीप्रमुख साहेब हसले. "काकांना हल्ली डोळ्यांवरचा चष्मासुद्धा सापडत नाही. फळा भरलाय ना? मग झालं!"

"भांडारवाले कुठे आहेत?"

"तीन दिवस रजेवर."

"किल्ल्या?"

"माझ्याकडे. का?"

बाईंनी तो तेलकट पाना काढून त्यांच्यासमोर धरला.

"यावर क्रमांक नाही. भांडारातलं ग्रीससुद्धा पुसलेलं नाही. नवा पाना काढायला भांडार उघडावं लागतं, आणि किल्ल्या तुमच्याकडे. काकांना चहाला पाठवून फळा तुम्ही भरलात, साहेब. जुना पाना शेपटीत आहे."

साहेबांनी खिशातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "शेपटी पुन्हा उघडायची म्हणजे दोन तास. वरून सारखे फोन... वाटलं, बाहेरच कुठेतरी पडला असेल."

बाई वायरलेसकडे धावल्या. "शेपटीत पाना अडकलाय. दांड्यावर जोर करू नका. लांब धावपट्टी घ्या."

"उतरताना नाक उचलावं लागेल. तेवढा दांडा मागे येईल?"

"सांगता येत नाही."

तिघंही बाहेर आले. बाईंच्या हातात वायरलेस होता. विमान दिसू लागलं.

"मला एकदा आत हात घालू द्या हो," काका कुणाला म्हणत होते, कोण जाणे.

विमान खाली आलं. चाकं टेकणार, तोच नाक झुकलं. इंजिनं गरजली आणि ते डोक्यावरून पुन्हा वर गेलं.

"जमलं नाही. फेरी मारून पुन्हा येतो," वैमानिक म्हणाला. त्याला धाप लागली होती. "बाई, आहात ना?"

बाईंनी बटण दाबलं.

"आहे. इथेच आहे."