अंगठ्याएवढी जागा

पोरांनो, आधी कोडं.

पोलादाचं एक पातं घ्या. त्यावर सोन्यासारखा पिवळाधमक थर चढवा. सोनं नव्हे हं, सोनं मऊ असतं. हा थर पोलादालाही भारी पडेल इतका कठीण. ते पातं जमिनीत घाला, दोन तास खोदा आणि बाहेर काढा. थर बाकी सगळीकडं शाबूत, पण एका ठिकाणी सोलून निघालेला. जागा केवढी? अंगठ्याएवढी. आणि त्या उघड्या जागेच्या मधोमध केसासारखी एक सोनेरी रेघ, तशीच्या तशी.

सांगा, काय झालं असेल?

घाई करू नका. आमच्या गारवाडीतल्या चाळीस शिकलेल्या डोक्यांना दोन दिवस जमलं नाही. जमलं ते माझ्या दहा वर्षांच्या नातीला. ही गोष्ट मी स्वतःच लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणी लिहिली तर माझी बाजू बिघडवून ठेवतील. तिसरीतनं शाळा सुटली माझी, पण मी काही अंगठेबहाद्दर नाही. आयुष्यभर सही करत आले.

मी छायाक्का. गारवाडीचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. गारवाडी म्हणजे चंद्राच्या दक्षिण टोकाची आमची वस्ती. कागदावर तिला नुसता आकडा आहे, पण आकड्याला कुणी गाव म्हणतं का? इथल्या खोल खड्ड्यांत ऊन कधीच पोचत नाही, तिथं मातीत बर्फ गोठून बसलाय. तो खोदायचा, वितळवायचा, प्यायचा. म्हणून गारवाडी. नाव मीच ठेवलं. इथं वजन सहावा हिस्सा भरतं. भाकरी जोरात उलटली तर छताला टेकून येते. तरी माझी भाकरी फुगते, हे लिहून ठेवते.

चंद्राची माती दिसायला राखेसारखी, पण तिचा कण न् कण म्हणजे काचेचा चुरा. पृथ्वीवर वारा आणि पाणी कणांना घासून घासून गोल करतात. इथं वारा नाही आणि वाहतं पाणीही नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड फुटला तेव्हाची धार अजून तशीच आहे. ती माती पोलादाला कानशीसारखी खाते. एका महिन्यात खाणीच्या यंत्राची पाती एकामागून एक बोथट झाली. उरली दोन. गाळून गाळून वापरलं तरी टाकीत पाणी अठरा दिवसांचं, आणि पृथ्वीवरून नवी पाती यायला चाळीस दिवस.

"पाणी संपलं तर सगळ्यांनी परतीच्या यानात बसायचं आणि गारवाडीला कुलूप लावायचं," माझा लेक विलास म्हणाला. खाण तोच बघतो.

बाकीच्यांचं ठीक होतं. पण माझी नात केतकी इथंच जन्मली. तिची हाडं इथल्या हलक्या वजनावर वाढलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन वर्षं व्यायाम करून घेतल्याशिवाय पोरीला पृथ्वीवर न्यायचं नाही, तिला उभंही राहता येणार नाही. मी तिच्याकडं बघायची आणि टाकीचा आकडा पुन्हा बघून यायची.

मग यास्मिन शिकलगार म्हणाली, "आक्का, नवी पाती मिळत नसतील तर आहेत तीच चिवट करू."

यास्मिनचे पणजोबा सांगलीच्या बाजारात सायकलला चाक लावून सुऱ्या-विळ्यांना धार लावायचे. पणती त्याच धंद्यात, फक्त चार यत्ता पुढं गेलेली. तिच्या खोलीत पोलादी कपाट होतं, त्याला काचेची जाड खिडकी. मी आणि केतकी बघायला गेलो. तिथं ढब्बूही होता. ढब्बू हा यंत्रमानव. पोटानं ढब्बू मिरचीसारखा गोल, म्हणून ते नाव. बोलतो मात्र पुस्तकासारखा.

"याला मॅग्नेट्रॉन स्पटरिंग म्हणतात," यास्मिन म्हणाली.

"मला समजेल असं बोल."

"चुंबकाच्या मदतीनं धातूचे अणू उडवून थर चढवायचा, आक्का. आधी कपाटातली हवा काढायची. पृथ्वीवर त्याला मोठाले पंप लागतात. इथं बाहेरची झडप उघडली की झालं. दाराबाहेर सगळी निर्वात पोकळीच (जिथं हवा नाही अशी जागा)."

"चंद्रावर फुकट मिळतं ते एवढंच," मी म्हणाले.

"मग झडप लावून आत चिमूटभर आरगॉन सोडायचा (कुठल्याही पदार्थाशी सहसा संयोग न करणारा वायू)."

"म्हणजे आमच्या धाकट्या जावेसारखा. कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही."

केतकी खुदकन हसली. यास्मिननं आतली एक राखाडी पाटी दाखवली. "ही टायटॅनियमची (हलका पण दणकट धातू). हिला विजेचं ऋण टोक जोडायचं. विजेच्या जोरानं आरगॉनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात (अणूतले ऋणभाराचे अतिबारीक कण). इलेक्ट्रॉन गमावलेला अणू धनभाराचा होतो, त्याला आयन म्हणतात. ऋण पाटी धन आयनाला खेचते. तो येऊन धाडकन आदळतो."

"कॅरमच्या स्ट्रायकरसारखा!" केतकी ओरडली. "आणि सोंगट्या उडतात!"

"त्या सोंगट्या म्हणजे टायटॅनियमचे अणू. उडून समोरच्या पात्यावर जाऊन बसतात."

"आणि चुंबक कशाला?" मी विचारलं. मला काय कळत नाही असं कुणाला वाटायला नको.

"चुंबक पाटीच्या मागं असतात. ते नसले तर इलेक्ट्रॉन पळून जातात. चुंबक त्यांना पाटीसमोरच गोल गोल फिरवत ठेवतात. जितके फिरतील तितके जास्त आरगॉनला धडकतील, तितके जास्त आयन, तितका थर लवकर."

"मळणीच्या खांबाला बांधलेले बैल म्हण की! तिथल्या तिथं फिरवायचे, तेव्हा दाणा मोकळा होतो."

यास्मिन माझ्याकडं बघतच राहिली. "आक्का, पाटीसुद्धा अगदी तशीच गोल चाकोरी पडून झिजते."

"पण टायटॅनियम तर राखाडी आहे," केतकी म्हणाली. "थर सोनेरी कसा?"

"मधे थोडा नायट्रोजन सोडते मी. तो टायटॅनियमशी जुळला की टायटॅनियम नायट्राइड होतं. दोघांचे अणू एकमेकांना असे गच्च धरतात की घासून सुटता सुटत नाहीत. रंग सोनेरी, कठीणपणा पोलादाच्या दुपटीहून जास्त. मात्र नायट्रोजनचं माप सांभाळावं लागतं. कमी पडला तर थर मऊ. जास्त झाला तर तो त्या पाटीवरच चढून बसतो आणि अणू उडायचे मंदावतात."

"मिठासारखं. आणि थर जाड किती?"

"केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा."

"एवढ्याशानं काय होतंय!"

"भांड्याला कल्हई किती जाड असते, आक्का?"

पोरगी हुशार.

ढब्बूनं पातं तीन वेळा धुतलं, वाळवलं, चिमट्यानं ताटात आणून ठेवलं आणि तो चिमटा ठेवायला गेला. यास्मिन कपाट उघडायला वळली. केतकी खिडकीला नाक लावून उभी. त्या दिवशी खंडेनवमी होती (दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात तो सण). असो.

कपाटात जांभळट उजेड पेटला. तीन तासांनी पातं बाहेर आलं ते असं झळाळत, की मला वाटलं नवरीच्या हातात द्यावं. पण खाणीत ते दोन तास टिकलं. अंगठ्याएवढ्या जागेवरचा थर सुटला, तिथनं मातीनं पोलाद कुरतडलं आणि पात्याला चीर गेली.

आता पातं उरलं एक. आरगॉनही एकाच खेपेपुरता. यास्मिन दोन दिवस जेवली नाही. शेवटी म्हणाली, "नायट्रोजन जास्त झाला असणार. या खेपेला निम्मा करते."

मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. केतकी ते मोडकं पातं हातात घेऊन आली. दार लावून घेतलं.

"आज्जी, तुझा अंगठा दाखव."

"पीठ लागलंय. कशाला?"

तिनं माझा हात धरला, पीठ पुसलं आणि अंगठा त्या उघड्या जागेवर टेकवला. बरोबर मावला. माझ्या अंगठ्यावर आडवा खोल व्रण आहे, लग्नाच्या वर्षी विळीनं कापलेला. तो नेमका त्या सोनेरी रेघेवर आला.

"तू हात लावलास ना?"

हो, लावला होता. खंडेनवमी, नवं हत्यार, त्यावर सगळ्यांचं पाणी अवलंबून. त्याला हळदीकुंकवाविना पाठवायचं? मी तेलाचा अंगठा पात्यावर दाबला, त्यावर कुंकू टेकवलं, हात जोडले. मग यास्मिन ओरडेल म्हणून पदरानं अलगद टिपून घेतलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं. दिसत नाही म्हणजे नाही, असं मी समजले.

"मी नाही सांगणार कुणाला," केतकी हळूच म्हणाली. "नुसतं यास्मिनताईला सांगते, पातं परत नीट धू."

"आणि तिनं नायट्रोजन निम्मा केला तर?"

केतकीनं पातं ओट्यावर ठेवलं. तिच्या त्या काडीसारख्या पायांकडं माझं लक्ष गेलं. माझा ताठा मोठा का ते पाय? भाकरी तव्यावर तशीच टाकून मी निघाले. चंद्रावर पळता येत नाही, उड्या माराव्या लागतात. या वयात मी चार उड्यांत यास्मिनच्या दारात.

"थांब पोरी! मापाला हात लावू नकोस. माप बरोबर आहे. चूक माझी आहे." आणि सगळं सांगितलं. खाली बघून नव्हे, तिच्या डोळ्यांत बघून.

मग ढब्बू म्हणाला, "निष्कर्ष : आक्कांनी नमुना दूषित केला."

"तू गप रे, मिरचे!"

यास्मिन स्टुलावर मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, किती बरं केलंत! मी चांगलं चाललेलं बिघडवायला निघाले होते."

मग तिनं माझ्यामागून आलेल्या केतकीला समजावलं. टिपल्यावरही तेलाचा पातळ पापुद्रा उरला होता. थर चढवताना पातं चांगलंच तापवतात, त्यात त्या तेलाची काजळी झाली. सोनेरी अणूंनी पोलादाला धरायचं, तर त्यांनी काजळीला धरलं. ओल्या भिंतीवरचा चुना जसा पोपडे होऊन गळतो, तसा तो थर गळला.

"आणि रेघ?" यास्मिननं उलट विचारलं.

"आज्जीच्या व्रणाची खाच खोल आहे," केतकी म्हणाली. "तिथं तेल टेकलंच नाही. म्हणून तेवढा थर पोलादाला घट्ट बसला!"

सुटलं का कोडं, पोरांनो?

मला त्या दिवशी एक शब्द नव्यानं कळला, सोवळं. लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका बाईनं सोवळ्याच्या नावाखाली मला ओट्यावर चढू दिलं नव्हतं. तेव्हापासून त्या शब्दाचा मला राग. पण यास्मिनच्या कपाटाचं सोवळं खरं. ते माणसाची जात बघत नाही, बोटाचं तेल बघतं. माझं बोट, तिचं बोट, विलासचं बोट, सगळ्यांना सारखीच बंदी.

दुसरं पातं ढब्बूनं पाच वेळा धुतलं. ते कपाटात जाईपर्यंत मी उलथनं घेऊन दारात उभी होते. माशीसुद्धा फिरकली नाही. चंद्रावर माशा नाहीत ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी पातं खाणीत गेलं. दोन तास झाले. चार झाले. सहाव्या तासाला विलासचा आवाज आला, "आई, बर्फ लागला! पात्यावर ओरखडा नाही!"

मी खाली बसले. इथं बसायलाही वेळ लागतो, माणूस पिसासारखं हळूहळू टेकतं. तेवढ्या वेळात माझं रडून झालं. संध्याकाळी पहिल्या पाण्याचा चहा केला. यास्मिन तीन कप प्यायली आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. केतकी व्यायामाच्या यंत्रावर चढली, रोज कुरकुरते ती आज कुणी न सांगता. तिला दोन वर्षांनी सांगलीच्या बाजारात स्वतःच्या पायांनी चालायचंय, आणि यास्मिनच्या पणजोबांची जागा बघायचीय.

आणि पूजा? सोडते की काय! थर चढून पातं बाहेर आल्यावर मी कपाटाच्या दाराला, बाहेरच्या अंगाला, कुंकवाचा अंगठा उमटवला. मधे व्रणाची कोरी रेघ स्वच्छ दिसते. केतकीनं त्याखाली लिहिलंय, "याच्या पुढं हात लावू नये."

उभ्या जन्मात मी कुठंही अंगठा उठवला नव्हता. तिथं उठवलाय.