जन्मांधाचा डोळा

गहू शिजायला अजून तासभर आहे, तोवर ऐका. उद्या सांता लुचियाचा सण. डोळे सांभाळणारी संत ती, म्हणून आपण सिसिलीची माणसं उद्या पावाला शिवत नाही, हा उकडलेला गहूच खातो.

तीन वर्षांपूर्वीची हीच रात्र, बारा डिसेंबर. जुनी चित्रं उजळणाऱ्या आपल्या एर्सिलियाला चर्चमधलं मोठं तैलचित्र सणाच्या सकाळच्या मिस्सा-प्रार्थनेपर्यंत साफ करून द्यायचं होतं. तेच, येशू थुंकीत माती कालवून जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो ते. साडेतीनशे वर्षांच्या काजळीनं आंधळ्याचं तोंडच दिसेनासं झालं होतं. पोरीच्या हातात जादू, पण डाव्या डोळ्यात काचबिंदू. तिनं तो लपवला होता. कळलं असतं तर पुन्हा चित्र कोण हाती देणार?

किल्ल्या सांभाळणारा म्हातारा बियाजिओ निघताना म्हणाला, "पोरी, त्या आंधळ्याच्या डोळ्यांना तेवढी थुंकी लावू नकोस."

"काका, जुन्या रंगावरची काजळी काढायला थुंकीच चांगली. औषधानं रंग उडतो."

"तिथं आधीच एकाची लागलीय."

"मग तुमची देता का? वाइनची आहे, लवकर लागू पडेल."

तो हसला. पण दारात छातीवर क्रुसाची खूण करून गेला.

अकरा वाजून वीस मिनिटं. काडीला कापूस, कापूस जिभेला, मग चित्राला. आंधळ्याची डावी पापणी तिनं हळूहळू पुसली. काजळी निघाली. पुन्हा पुसली. पुन्हा काजळी... मग चिखल.

ओला.

खाली डोळा होता. उघडा. तिच्याकडे बघणारा.

दिव्याची ऊब गालाला लागत होती, तरी अंधारलं. आधी डावा डोळा गेला. मग उजवा.

"बियाजिओ काका...?"

...

समोर कुणीतरी थुंकलं. हळूच.

मग माती कालवल्याचा आवाज.

तिला हलता येईना.

गार अंगठा. डाव्या पापणीवर.

पहाटे ती बियाजिओला पहिल्या बाकावर बसलेली सापडली. "काका, पार त्या खांबावरची बारीक अक्षरं दिसतायत," एवढंच म्हणाली आणि रडली बिचारी. तिचे दोन्ही डोळे आजही लख्ख आहेत. कापसाची काडी मात्र तिनं पुन्हा धरली नाही.

उद्या गेलात की बघा. चित्रातला जो डोळा तिनं उघडला, त्यावर पुन्हा चिखल आहे. त्यात अंगठ्याचा ठसा. तीन उन्हाळे गेले...

अजून ओला आहे.