हललेले फोटो

यशोधरा लोणावळ्याच्या त्या फोटो स्टुडिओत शिरली आणि दारातच ट्रायपॉडला अडखळली. आपटलीच असती, पण कॅमेरेवाल्या अमृतनं एका हातानं कॅमेरा सावरला, दुसऱ्यानं तिला.

"आधी कुणाला धरलंत?"

"कॅमेऱ्याला," अमृत प्रामाणिकपणे म्हणाला. "तुम्ही पडून उठला असतात."

ती खळखळून हसली. तो बघतच राहिला... जरा जास्तच वेळ.

"दात काढू नगंस," मागून मुक्ताआत्या करवादली. "चाकणच्या पावण्यांना फोटो धाडायचाय. त्यांना गरीब सोभावाची पोरगी पायजे."

फोटो निघाला, तर चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

"हललात," अमृत म्हणाला.

"हलणारच. चोवीस वर्षांची जिवंत बाई आहे मी."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आत्या वैतागून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, आणि यशोधरेनं सरळ येऊन कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नजर टाकली. कॉलेजात तिनंही कॅमेरा हाताळला होता.

"शटर एक बाय आठ सेकंदावर? एवढ्या वेळात मी मान वळवून परत आणते. दिवे वाढवून एक बाय पाचशेवर ठेवलंत, तर उडी मारली तरी हवेत स्पष्ट दिसेन."

अमृतचे कान लाल झाले. "माहितीये."

"मग?"

"फोटो चांगला आला असता, तर... चाकणला गेला असता."

ती केसांची बट बोटाला गुंडाळत राहिली.

"मीही मुद्दामच हलत होते," ती हळूच म्हणाली.

"तेही माहितीये. दोन्ही दिवस बरोब्बर मी बटण दाबतानाच?"

"लबाड आहात."

"दोघंही."

तेवढ्यात आत्या आत आली. "काढला का न्हाई अजून?"

"नाही. आणि काढणारही नाही," यशोधरा म्हणाली. "मला हा आवडतो, आत्या."

आत्या मटकन खुर्चीत बसली. मग अमृतला खालून वर न्याहाळून म्हणाली, "कुणाचा रं तू?"

"वलवणच्या भिमाजींचा."

"आगं, पण तुज्या बापाला मी काय सांगू?"

"तू कशाला? मीच सांगते."

यशोधरेनं फोन लावला. रिंग वाजत होती. आत्याच्या देखत तिनं अमृतचा हात धरला, घट्ट.

"बाबा, चाकणला नाही म्हणून कळवा... कारण? कारण माझ्या शेजारीच उभंय. घेऊन येते घरी."