अडीचशे वर्षांची फेरी

"दाते मोजून घेतले, चाकं बरोबर... तरी मेला आपटतोच."

दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारचा माणूस मांडीवरच्या खोक्याशी भांडत होता. बोटाला पट्टी, शर्टाला तेलाचा डाग. खोक्यात पितळी चाकं होती आणि तारांवर दोन गोळे – एक निळा, एक पांढरा, वाटाण्याएवढा.

तिला खरं तर हसू यायचं काही कारण नव्हतं. आत तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, छातीचा फोटो काढत होते. पण मान तिरकी झालीच.

"निळ्याच्या तीन फेऱ्या, पांढऱ्याच्या दोन?"

तो चपापला. "तुम्हाला कसं..."

"नेपच्यून आणि त्याच्या पलीकडचा बर्फाचा गोळा. आमच्या घरात वरणभातापेक्षा जास्त हेच असतं."

तो घड्याळं दुरुस्त करायचा. एका विज्ञान दालनाने हे मॉडेल बनवायला सांगितलं होतं, आणि त्याच्याच चाकाने त्याचं बोट कापलं होतं. अप्पा बाहेर आले, धापा टाकत खोक्यावर वाकले आणि कित्येक आठवड्यांनी त्यांच्या डोळ्यांत उजेड आला. "हिशेब बरोबर आहे रे घड्याळजी. सुरुवात चुकली. पांढरा निळ्याच्या वाटेच्या आत शिरतो तेव्हा निळा लांब हवा. तेवढं जमलं की जन्मात टक्कर नाही. घरी घेऊन ये."

अप्पांनी सगळी नोकरी वेधशाळेत काढली होती, अशाच एका गोळ्यामागे. त्याला धड नावही नव्हतं, नुसता क्रमांक. सूर्याभोवती एक फेरी अडीचशे वर्षांची. "म्हणजे मी त्याचा जेमतेम कोपरा पाहिला," अप्पा म्हणत. "एक फेरी पुरी बघायची होती."

घड्याळजी येऊ लागला. दुपारी, दुकानाच्या सुट्टीत. अप्पांच्या खाटेजवळ आता ऑक्सिजनचं नळकांडं उभं होतं, त्याच्या शेजारच्या टेबलावर मॉडेल. आत्या चहा ठेवताना रोज पुटपुटायची, "पाहुणा बरा, पण त्याचा गोळा काही धड फिरत नाही." आणि अप्पांना, "दादा, बरा झालास की आपण हवापालट करू."

"हो, हो," अप्पा भिंतीकडे बघत म्हणायचे.

तीही वाकून बघायची. त्याच्या केसांना यंत्राच्या तेलाचा वास यायचा, आणि तो तिला आवडायला लागला होता – काय करणार...

"एकमेकांची वाट ओलांडतात आणि भेटत नाहीत?" त्याने एकदा हळूच विचारलं. "किती वर्षं?"

"कोट्यवधी. भेटले असते तर पांढरा केव्हाच भिरकावला गेला असता. अंतर राखतात म्हणून टिकलेत."

"हे त्यांच्याबद्दल चाललंय ना?"

"मग कोणाबद्दल?" ती म्हणाली, आणि कान तापले म्हणून उगाच पाणी आणायला गेली.

पण मॉडेल पुरं होईना. कधी पांढरा गोळा निळ्याला घासायचा, कधी तार वाकडी. एका दुपारी ती दारात थबकली. अप्पांचा डोळा लागला होता, आणि घड्याळजी गोळ्याचा घट्ट बसलेला स्क्रू आपल्या हाताने ढिला करत होता.

त्याने वर पाहिलं. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा.

ती रागवायला हवी होती. पण परवाच तिने त्याला सांगितलं होतं, पांढऱ्याची वाट अजून थोडी कलती हवी. वाट मुळातच अगदी बरोबर होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फेरी पुरी झाली की अप्पांची वाट बघणं संपणार. मग अप्पा कशासाठी थांबतील?

तिने आत येऊन अप्पांचं पांघरूण सारखं केलं. त्याने स्क्रू तसाच ठेवला.

"झाली का तुमची कारस्थानं?" खाटेवरून आवाज आला. डोळे मिटलेलेच. "हा ढिलं करतो, तू वाकडं करतेस. मला कुणी विचारलंय? आवळ तो."

त्याने स्क्रू आवळला. तारेचा कल पुन्हा पहिल्यासारखा केला. आत्या दारात येऊन उभी राहिली. मॉडेलची मूठ फिरली, चाकं कुरकुरली. पांढरा गोळा लांबून आला, निळ्याच्या वाटेच्या आत शिरला. निळा तेव्हा कुठच्या कुठे होता. पांढरा सावकाश बाहेर पडला, दूर गेला आणि निघाला होता तिथे येऊन थांबला. कुठेच टक झालं नाही.

अप्पांच्या छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती.

"दादा, आता बरा झालास की..." आत्याने सुरू केलं.

"आत्या, नको." तिने अप्पांचा थंडगार हात धरला. "अप्पा, तुम्ही बरे होणार नाही आहात."

आत्याने पदर तोंडाशी धरला. अप्पांचे खांदे सैल पडले, ओझं उतरवल्यासारखे.

"हुश्श... कुणीतरी म्हणालं एकदाचं. एकट्याने ओळखून राहायचा कंटाळा आला होता गं." मग मान कष्टाने वळली. "आणि तू रे? काम तर संपलं तुझं. उद्या काय निमित्त?"

घड्याळजीने स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला, पुन्हा काढला, टेबलावर ठेवला.

"निमित्त नाही," तो म्हणाला. अप्पांना नव्हे, तिला. "उद्या तुमच्यासाठी येईन. आणि अप्पा... अप्पा गेल्यावरही येत राहीन."