ओ कुणी दिली?

मोबाईल खाली ठेव रे व्यंकट. ऐकायचं तर नीट ऐका, न्हायतर उठा आन् झोपा जाऊन. हे कुठं वाचलेलं न्हाय. आपल्या सास्तूरच्या गोरोबाचं हाय, नळाला पाणी सोडतो त्याचं. त्यानंच मला सांगितलं.

दिवाळी होऊन दुसरा मंगळवार. रात्रीचे पावणेनऊ. पोरीला, जाईला, खोकला झालेला, म्हणून गोरोबा लोहाऱ्याहून औषधाची बाटली घेऊन मोटरसायकलवर येत व्हता. गावाअलीकडं सिमेंटच्या नळ्यांचा बारका पूल हाय बघा, तिथं गाडी घसरली. पडला. उठला. कपडे झाडले. बाटलीसुद्धा फुटली न्हाय. देवाची किरपा म्हणला आन् घरी आला.

पण त्या रात्रीपासनं गड्याला काय लागंचना. ठेचा खाल्ला, तिखट न्हाय. गार पाणी अंगावर घेतलं, गार न्हाय. बायको, ज्ञानेश्वरी, नको नको ते बोलली, तरी राग न्हाय. दिसायचं समदं, ऐकू यायचं समदं, पण शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसं. एकदा तापल्या तव्यावर हात टेकून उभाच ऱ्हायला. कातडं जळाल्याचा वास सुटला तेव्हा ज्ञानेश्वरी किंचाळली. उजवा तळहात नुसता फोडांनी भरला. तिनं हळद लावली, जुन्या हिरव्या साडीची चिंधी गुंडाळली आन् वर दोन गाठी मारल्या.

हे बी चालून गेलं असतं हो. पण चार वर्सांची जाई त्याच्याजवळ जाईना. रोज बापाच्या पोटावर झोपणारी पोर ती. दाराआडून म्हणायची, "आई, माझे बाबा कवा येणार?"

गोरोबाला रडू यायला पायजे व्हतं. आलं न्हाय. भ्या तरी वाटायला पायजे व्हतं. त्ये बी न्हाय.

"आये," तो आईला म्हणला, "पोर परकी झाली, तरी मला वाईट वाटंना. माझं कायतरी तिथंच ऱ्हायलंय."

त्याची आई, धुरपताबाई, म्हणली, "लेकरू पडलं की आपण त्या जागी जाऊन हाक मारतो ना, 'चल घरी' म्हणून? तुला कुणीच मारली न्हाय. ज्ञानेश्वरीला संगं ने. हाक दुसऱ्यानंच मारायची. तू तोंड मिटून ऱ्हा. ओ द्यायची ती तिथं ऱ्हायलेल्यानं."

पण ह्यो शहाणा! बाप्या माणूस पुलावर बायकोकडनं हाका मारून घेतो, लोक काय म्हणतील? गेला एकटाच. शनिवार. रात्रीचे आठ. गाडी उभी केली, दिवा चालूच ठेवला. पुलाखाली उतरून नळ्याकडं तोंड केलं.

"गोरोबा… चल घरी."

काय न्हाय.

"गोरोबा, चल."

गप. रातकिडे बी गप.

तिसऱ्यांदा तोंड उघडलं. पण त्याची हाक निघायच्या आधी नळ्यातनंच हाक आली. त्याच्याच आवाजात.

"गोरोबा… चल घरी."

जन्माची सवय. दुसरं काय?

"ओ," म्हणला ह्यो.

मग…

मग काय झालं त्याला सांगता येत न्हाय. घरी पोचला तेव्हा दारातच ढसाढसा रडला. भाकरीसंगं ठेचा खाल्ला, नाकातोंडातनं पाणी आलं. जाई पळत आली आन् गळ्यात पडली. "बाबा आले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर बसून हे समदं मला सांगत व्हता, हसत व्हता. म्या म्हणलं, बघू हात.

उजवा हात त्यानं पुढं केला. फोड न्हाय. डाग न्हाय. तळहात कोरा करकरीत. त्यानं बी बघितलं. हसायचा थांबला. हात खिशात घातला आन् उठून गेला.

जाई आजबी त्याच्याच पोटावर झोपती. पोर खुशीत हाय. म्या तिला काय सांगू?

त्याच दिवशी म्या पुलावर गेलो व्हतो. नळ्याच्या तोंडाशी हिरवी चिंधी पडली व्हती. गोल, हाताएवढी. दोन्ही गाठी तशाच. सोडलेल्या न्हाईत, कापलेल्या न्हाईत. आतली हळद ओली व्हती.

लई वाटलं, हाक मारावी. चल घरी म्हणावं.

पण मारू कुणाला? गोरोबा तर घरी व्हता.